जरीची पट्टी

मुकुंदवाडी,
१३ डिसेंबर २०१५

अक्षदा,

तू माझा नंबर ब्लॉक केलास. बरोबर केलंस. एका दिवसात बेचाळीस फोन करणाऱ्या माणसाचं दुसरं काय करायचं? पण टपालाला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही, म्हणून हा कागद. प्रांजलीच्या झेरॉक्सच्या दुकानावर पाठवतोय. ती तुझी मैत्रीण आहे, माझी नाही, हे तिनं मला फोनवर दोनदा ऐकवलं. तरी 'पत्र आलं तर फाडणार नाही' एवढं म्हणाली. लई झालं.

माझी बातमी अशी की कॉलेज सोडलं. दुसऱ्या वर्षाला इलेक्ट्रॉनिक्स सोडणारा आपल्या वर्गातला मी तिसरा. कारण दुष्काळ. बाबा मेंढरं घेऊन पार नगरच्या बाजूला गेलेत. आमच्या शेंद्र्याला गवताची काडी नाही, आणि जिथं काडी उगवायची ते रान कंपन्यांच्या कुंपणात गेलं. घरात पगार पाहिजे. त्याच कुंपणाच्या आत मी आता बॅज लावून जातो, गाड्यांच्या वायरींचे गठ्ठे बांधायला. गेटवरचा वॉचमन रोज विचारतो, 'कुठला रे तू?' मी म्हणतो, 'इथलाच. तुम्ही उभे आहात ना, तिथं आमच्या मेंढरांचा वाडगा होता.' त्याला वाटतं मी चेष्टा करतोय.

लग्नसराईत ऑर्केस्ट्रात किबोर्ड वाजवतो. तेवढं सुटलेलं नाही.

तुझी बातमी प्रांजलीकडून कळली. डॉक्टरनं घसा तपासला, तीन महिने गाणं बंद, मोठ्यानं बोलणं बंद. तुझ्या वडिलांनी, तात्यासाहेबांनी, तुझं नाव कॉलेजातून काढलं आणि तुला गावी कन्नडला नेलं. 'चारचौघांत फजिती झाली तेवढी पुरे' म्हणाले म्हणे.

अक्षदा, तुझ्या घशाला काहीही झालेलं नाही. युवक महोत्सवात तू तुझं घाटाचं गाणं गात होतीस, मधेच लाईट गेली, स्पीकर बंद पडले. तुझा आवाज तुलाच ऐकू येईना, तू ताण दिलास आणि आवाज फाटला. लोक हसले. एवढंच. लाईट गेली तर गाणाऱ्याचा काय दोष? या वर्षी कुणाकडं लाईट टिकते?

बरं, मुद्द्याचं. तालमीत तू मला सगळ्यांसमोर म्हणाली होतीस, 'भारत, तुझा किबोर्ड पायऱ्यांनी उतरतो आणि मी घाटानं उतरते. आपली भेट होणार ती खाली पोहोचल्यावरच.' सगळे हसले. मीही हसलो. मग साथीला तू हारिसला घेतलंस, त्याच्या व्हायोलिनसकट. व्हायोलिनला पायऱ्या नसतात, खरंय.

तर मी किबोर्डला घाट जोडतोय. हसू नको. किबोर्डच्या डाव्या अंगाला एक चाक असतं, ते फिरवलं की सूर थोडासा वर-खाली सरकतो. ते चाक म्हणजे आत फक्त तीन वायरी. त्या बाहेर काढून हातभर पट्टीला जोडायच्या. मग पट्टीवर बोट जिथं टेकेल तिथला सूर निघेल, आणि बोट सरकेल तसा सूर सरकेल. मधे पायरी नाही, फट नाही. परदेशात तयार मिळते म्हणे. मी हातानं करणार.

पाडव्यापर्यंत होईल. त्या दिवशी ये, आणि तुझं ते घाटाचं गाणं या पट्टीबरोबर गा. एकदाच गा. मग खुशाल टपालसुद्धा बंद कर.

भारत


मुकुंदवाडी,
३ जानेवारी २०१६

अक्षदा,

उत्तर नाही. ठीक. मी लिहिणार.

शहागंजात सरदार चाचांचं दुकान आहे. दुकान म्हणजे दोन कपाटांच्या मधली फट. पेटी, रेडिओ, मशिदीचा भोंगा, देवळाचा ॲम्प्लिफायर, सगळं तिथंच दुरुस्त होतं. मी किबोर्ड उघडून त्यांच्यापुढं ठेवला.

'ये क्या लाया बाबा? अच्छेखासे बाजे का पेट फाडा?'

'आत तीन वायरी जोडायच्यात, चाचा. तुमची बारीक डाखायची सोल्डरिंग गन पाहिजे.'

'कायकू?'

'सूर सरकवायचाय.'

'वो समझा. किसकू सुनाने का है?'

मी वायरी उगाच सरळ करायला लागलो. चाचांनी चष्मा कपाळावर चढवला, माझ्याकडं नीट बघितलं आणि म्हणाले, 'हौ. फिर तो लगानाच पडेंगा.'

पट्टीचे दोन थर असतात. खालच्या थरातून वीज जायला पाहिजे, पण रखडत. आमच्या कंपनीत नाजूक पार्ट काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून येतात, त्या पिशवीला हा गुण असतो. पार्ट काढले की पिशवी कचऱ्यात. सुपरवायझरला विचारून एक घेतली. (चोरली नाही. तू लगेच तसं म्हणशील, म्हणून लिहिलं.) वरच्या थरातून मात्र वीज धावली पाहिजे, आणि बोटाखाली तो मऊ लागला पाहिजे. दोन्हींच्या मधे केसाएवढी फट. बोटानं दाबलं की दोघं टेकतात.

वरच्यासाठी भाकरी गुंडाळायचा चंदेरी कागद लावून बघितला, तो चुरगळून फाटतो. मग डोक्यात आलं, साडीची जर! गुलमंडीवरून जरीची किनार घेतली, एक मीटर, अशी झगझगीत की दुकानदारच डोळे मिचकावत होता. ऐटीत चाचांकडं नेली. चाचांनी एका टोकाला बॅटरी लावली, दुसऱ्या टोकाला बल्ब. बल्ब ढिम्म.

'ये जरी नहीं बेटा,' चाचा म्हणाले, 'ये जरी का फोटो है. प्लास्टिक पे चमक मारेली.'

त्यांचे अब्बा हिमरू शाली विणायचे, सांगितलं तर जरीचं कामही करायचे. दुसऱ्या दिवशी चाचांनी घरून एक बोटभर रुंदीची पट्टी आणली, काळपट पडलेली. मी मनात म्हणालो, ही चिंधी? तिला बॅटरी लावली आणि बल्ब असा पेटला की आम्ही दोघं मागं सरकलो.

आणि मग मी काय केलं? घाई. तापलेली गन थेट जरीला टेकवली. चांदीच्या आत रेशीम असतं, हे मला कोण सांगणार? चार बोटं जर भुर्रकन जळाली. चाचांच्या अब्बांच्या हातची. मला वाटलं, आता म्हातारा मला चपलेनं मारणार. ते नुसते म्हणाले, 'आग पहले, अक्कल बाद में. तू हमेशा ऐसाच है क्या रे?'

मी व्हय म्हणालो. तुला तर ठाऊकच आहे.

शेवटी चाचीनं ब्लाउजचं टिचबटण दिलं. त्याची एक टिकली जरीवर टाचली, दुसरी वायरीला डाखली. टिच्च केलं की जोडणी पक्की. दीड वर्षाचं इलेक्ट्रॉनिक्स एका बाजूला आणि चाची एका बाजूला.

पाडवा आठ एप्रिलला आहे.

भारत


मुकुंदवाडी,
७ फेब्रुवारी २०१६

अक्षदा,

तुझं पत्र आलं. चार ओळी. मला पाठ झाल्यात:

'मी दार लावून गाऊन बघितलं. "घाट" शब्दावर आवाज अजून तिथंच फाटतो. डॉक्टर म्हणाले, आतली नस दुखावली असेल. तू तुझी वस्तू कर, मला बोलावू नको.'

वाचलं आणि त्याच दिवशी कंपनीत लायनीवरच्या एका पोराची कॉलर धरली. त्यानं काय केलं होतं? माझ्या स्टुलावर बसला होता. एक दिवसाचा खाडा पडला. त्या दिवशी बसून पट्टी पूर्ण केली.

चालते. अक्षदा, चालते! डाव्या हातानं सूर धरायचा, उजवं बोट पट्टीवरून न्यायचं. पहिल्यांदा बोट वरून खाली ओढलं तेव्हा अंगावर काटा आला. पण एक खोट राहिली. बोट उचललं की सूर मोकाट. मधे यायचं सोडून कुठंही भटकतो, वर जातो, थरथरतो, मधेच ओरडतो.

आई आली होती, सखूबाई. तू तिला गॅदरिंगला बघितलंयस, हिरव्या नऊवारीतली. इथं गल्लीत टँकर आठ दिवसांनी येतो आणि मी पाळीवर असतो, म्हणून ती शेंद्र्याहून येऊन माझे ड्रम रांगेत लावते. रांगेतून परत आली तर मी पट्टीशी झटत होतो. दारातच थांबली. डोक्यावरची कळशीपण उतरवली नाही.

'कुणाचं कोकरू चुकलंय रं?'

'आई, बाजा आहे हा.'

'बाजा आसू दे. त्येला आईपाशी सोड आधी. किती वराडतंय.'

तिला तुझ्याबद्दल ठाऊक आहे. मी सांगितलं नाही, तिनंच विचारलं, 'ती घाटाकडची पोरगी गाती का आता?' मी म्हणालो, घसा बसलाय. ती म्हणाली, 'बसलेला घसा धा दिसात उठतो. चार महिने बसला आसंल तर घसा न्हाई बसलेला, पोरगी बसलीया.'

मी तुला शपथेवर सांगतो, तुझी नस-बिस काही दुखावलेली नाही. हळद घेऊ नको, काढे घेऊ नको, त्या डॉक्टरकडं जाऊ नको. तू विचारशील, तू कोण डॉक्टर लागून गेलास? कुणी नाही. पण मला ठाऊक आहे.

पाडव्याला ये.

भारत


मुकुंदवाडी,
१३ मार्च २०१६

अक्षदा,

चुकलेलं कोकरू सापडलं. दोन तांदळाएवढे रेझिस्टर लागले. एक पट्टीच्या या टोकाला ओढतो, एक त्या टोकाला. दोघांची ओढ सारखी, म्हणून बोट उचललं की सूर आपोआप मधोमध येऊन उभा राहतो. चाचांनी ऐकून मान हलवली, 'अब शरीफ हुआ.'

पट्टी पहिल्यांदा लोकांत वाजवली ती काल, इथल्याच एका हळदीत. ऑर्केस्ट्रावाल्यानं दम दिला होता, 'तुझं ते नाडीचं खूळ मंडपात आणू नको.' मी आणलं. बायका नवऱ्या मुलाला हळद लावत होत्या. मी मधेच तुझं गाणं घेतलं. कुणाला न विचारता घेतलं, तुलाही नाही. 'घाट' शब्दावर आलो आणि बोट पट्टीवरून वरून खाली नेलं.

नवऱ्या मुलाची एक आजी, आवडाबाई, तिला दिसत नाही. ती खुर्चीत बसलेली. तिनं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

'ती गानारी बाई कुठं बसलीया?'

'बाई नाही आजी, मशीन आहे,' कुणीतरी म्हणालं.

'मला येडी समजू नगा. दुपारधरनं गातीया बिचारी, कुनी तिला पानी दिलं का? द्या आधी.'

आणि खरंच एक पोरगी तांब्या घेऊन माझ्यापाशी आली. त्या मंडपात पाव्हण्यांना पाणी मोजून देत होते, अक्षदा. अर्धा-अर्धा पेला. तुझ्या वाट्याचा अख्खा तांब्या आला. मी तो प्यायलो नाही. तसाच किबोर्डशेजारी ठेवला. हळद संपेपर्यंत मला मान वर करता येईना.

आज मंडपातली हकीकत सांगायला किबोर्ड घेऊन चाचांकडं गेलो तर तिथं हारिस बसलेला. तो त्यांचा पुतण्या निघाला! तीन महिने मी त्याच्याच चाचांचा चहा पितोय. त्यानं पट्टी वाजवून बघितली. 'अच्छी है,' म्हणाला. आणि मग अजून काहीबाही बोलला. ते लिहीत नाही. तुझ्याशी त्याचा काही संबंध नाही.

पाडव्याला साडेनऊची कन्नड गाडी धरलीस तर बाराच्या आत पोहोचशील.

भारत


मुकुंदवाडी,
२७ मार्च २०१६

अक्षदा,

पाडव्याला येऊ नको.

हे पत्र मी पाचव्यांदा लिहितोय. आधीच्या चारांत मी कसा चांगला आहे तेच येत होतं.

हारिस त्या दिवशी बोलला ते तुझ्याबद्दलच होतं. चाचा नमाजला गेले होते. तो पट्टीवरून बोट फिरवत होता, माझ्याकडं न बघता म्हणाला, 'लाईट गेली की पंखा बंद पडतो ना रे, भारत?'

'पडतो.'

'उस दिन मेरे सर पे पंखा चल रहा था. माझी नोटेशनची पानं उडत होती, मी पायाखाली दाबून धरली होती.'

मी म्हणालो, 'मग?' असं म्हणालो जसा काही मला हिशेबच कळत नाही.

'मग काही नाही. मेरेकू लगा तू बोलेंगा. रोज लगा, आज बोलेंगा, कल बोलेंगा. फिर तू कॉलेजच छोड के गया.'

मला त्याला मारावंसं वाटलं. हात उचललाही होता. मग दिसलं की तो पळत नाहीये, नुसता बसलाय.

लाईट गेली नव्हती. वायर मी ओढली.

गाणं बसवणाऱ्या सरांनी मला किबोर्डवरून उठवून साउंडच्या टेबलावर बसवलं होतं. 'इलेक्ट्रॉनिक्सचा आहेस, तेवढं तरी कर.' तू गायला लागलीस. हारिसच्या व्हायोलिनचा गज तुझ्यामागं असा येत होता जशी सावली येते. तू 'घाट'वर आलीस, वरून निघालीस, आणि तो तुझ्याबरोबर उतरायला लागला. तुझे डोळे मिटलेले, आणि हसलीस. गाताना हसलीस. माझ्याबरोबर तू कधी गाताना हसली नव्हतीस. माझा हात स्पीकरच्या मेन वायरवर होता. मी विचार केला नाही, असं लिहिणार होतो. केला होता. एक क्षण केला, आणि ओढली.

तू बिनआवाजाची गात राहिलीस. मग ताण दिलास. मग फाटला. लोक हसले तसा मी घाबरलो आणि वायर परत खुपसत ओरडलो, 'लाईट गेली! लाईट गेली!' सगळ्यांना पटलं. या वर्षी 'लाईट गेली' म्हटल्यावर वर बघायचीसुद्धा लोकांना सवय राहिलेली नाही.

तुझ्या घशाला काही झालेलं नाही हे मला ठाऊक होतं ते असं.

आणि कॉलेज मी दुष्काळानं सोडलं नाही. दुष्काळ खरा आहे, मेंढरं खरंच नगरकडं गेलीत, पण बाबा निघताना मला म्हणाले होते, 'तू शिक. मी बघतो.' मी सोडलं कारण त्या हॉलवरून वर्गात जावं लागायचं. सगळ्यांना दुष्काळ सांगितला. दुष्काळ बिचारा कुणाला खरं-खोटं विचारायला येतो?

तू गुळण्या करत होतीस, मुकी बसत होतीस, आणि मी तुला पट्टीच्या गमती लिहीत होतो. मला वाटलं, पट्टी झाली, तू आलीस, गायलीस, की आवाज आपोआप सुटेल आणि मला सांगावंच लागणार नाही. तीन महिने मी जे डाखत होतो ते हे. तुझ्यासाठी करतोय म्हणायचो.

आता दार लाव, आणि गा. तिथं काही फाटलेलं नाही.

भारत


मुकुंदवाडी,
२४ एप्रिल २०१६

अक्षदा,

तुझं पत्र पोस्टमननं नाही, प्रांजलीनं आणून दिलं. खास गाडीनं आली. माझ्या हातात ठेवलं आणि पाणीसुद्धा न घेता गेली. पत्रात तुझं एवढंच: 'मला सांगून काय उपयोग? तात्यांना सांग. तोंडानं.'

मी कन्नडला आलो तेव्हा तू आतल्या खोलीत होतीस, त्यामुळं बाहेर काय झालं ते अर्धंच ऐकलं असशील. उरलेलं लिहितो.

बसस्टँडपासून चालत आलो. वाटेत तीनदा वाटलं, परत फिरावं. दोन वेळा फिरलोही. तात्यासाहेब ओट्यावर वर्तमानपत्र घेऊन बसले होते. साखर कारखान्यात ते काट्यावर असतात हे तू सांगितलं होतंस, पण यंदा ऊसच नाही, काट्यावर वजन करायला काय, हवा? माझ्याकडं बघून म्हणाले, 'नोकरीसाठी आला असशील तर परत जा. आम्हीच घरी बसलोय.'

'नाही. मी भारत. अक्षदाच्या वर्गातला.'

'बेचाळीस फोनवाला?'

'व्हय.'

'बस.'

मी बसलो नाही. बसलो असतो तर बोललो नसतो. उभ्यानं सगळं सांगितलं. पंखा, वायर, लाईट. तुम्हाला वाटतं तशी तिची फजिती झाली नाही, मी केली. तिच्या घशात दोष नाही. मला वाटलं होतं ते मारतील. मी डोळे मिटून घेतले.

मग त्यांनी वर्तमानपत्राची घडी केली, पुन्हा उघडली, पुन्हा केली.

'किती महिने झाले?'

'सहा.'

'सहा महिने मी पहाटे उठून हळकुंड उगाळतोय. लेक चाटते. तोंड वाकडं करत नाही. मी म्हणायचो, देवानं हिला घसा दिला आणि काढून घेतला, आपलंच काहीतरी चुकलं असेल. तिच्या आईचा नवस राहिला होता, तो मी फेडला. बकरं कापलं, पोरा. तुझ्या वायरीपायी.'

त्यांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं.

'तुला बहीण आहे?'

'नाही.'

'बरंय,' म्हणाले. मग आत बघून हाक मारली, 'अक्षदा, ऐकलंस का?'

तू दारात आलीस. वाळलीस. केस आखूड केलेस. तू माझ्याकडं बघितलंस तेव्हा मला वाटलं, आता बोलशील. शिव्या देशील. मी रस्ताभर त्यांची तयारी करून आलो होतो.

'पट्टी चालते?' एवढंच विचारलंस.

'चालते.'

'बरं.' आणि आत गेलीस.

तात्यासाहेब उठले. 'माझ्या हातून काही व्हायच्या आत साडेतीनची गाडी धर,' म्हणाले. मी पायऱ्या उतरलो, एक चप्पल घातली. आणि आतून तू सुरू केलंस.

पहिल्या खेपेला फाटला. मी तिथंच मेलो. दुसऱ्या खेपेला तू जरा थांबून, वरून निघालीस आणि उतरलीस. सगळा घाट उतरलीस. अक्षदा, मी पट्टीवर बोट सरळ खाली न्यायचो. मला वाटायचं घाट म्हणजे उतार. तू मधे दोनदा थांबतेस. जिथं गाडी वळणावर दम खाते, तिथं तू थांबतेस, जरा वर चढतेस, मग पुन्हा खाली. इतक्या तालमी ऐकूनही मला ते ऐकू आलं नव्हतं, कारण मी तुला नाही, हारिसला ऐकत होतो.

तात्यासाहेब भिंतीकडं तोंड करून उभे होते. खांदे हलत होते. मागं न बघता म्हणाले, 'तुझी गाडी चुकंल.'

चुकली. पाचच्या गाडीनं आलो.

भारत


मुकुंदवाडी,
१२ जून २०१६

अक्षदा,

प्रांजलीचा निरोप मिळाला. तू नांदेडला संगीत शिकायला चाललीस, तात्यासाहेब सोडायला येतायत. आणि तू म्हणालीस, 'मी लिहीपर्यंत त्यानं लिहू नये. मी लिहीन की नाही, ते मला आत्ता माहीत नाही.' कबूल. निरोप आला तेव्हा एक पत्र अर्धं लिहून झालं होतं, तेच पुढं पुरं करतो. यानंतर नाही.

सरांना जाऊन सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि दार दाखवलं. हारिसलाही सांगितलं, की मी तुझ्याजवळ सगळं कबूल केलं. तो म्हणाला, 'देर किया रे,' आणि चहा मागवला. आता आठवड्यातून एकदा आम्ही शहागंजात बसतो. तो गजावर वळण दाखवतो, मी पट्टीवर शोधतो. अजून जमत नाही. तुझा पहिला थांबा सापडलाय, दुसरा निसटतो. मी त्याला चिडून म्हणालो, ही वस्तूच भिकार आहे. तो म्हणाला, वस्तू बरी आहे, तू घाई करतोस.

तुझं गाणं मी मंडपात वाजवणं बंद केलंय. ते तुझं आहे. परवानगी मागायचा हक्क मला नाही, म्हणून मागत नाही.

एक खरं लिहू? मला वाटलं होतं, खरं सांगितलं की हलकं होईल. तसं काही झालं नाही. पाळीवरून येतो, हात धुतो, पट्टी समोर असते, आणि तू नसतेस. आधी तू नव्हतीस तेव्हा निदान तू येशील असं मी स्वतःला सांगत होतो. आता तू चांगली आहेस, गातेस, आणि तरी नाहीस. हे जास्त दुखतं आणि हेच बरं आहे. दोन्ही एकदम कसं असू शकतं, मला कळत नाही.

तू पुढच्या रविवारी निघणार. नांदेडची एक्स्प्रेस मोठ्या स्टेशनवरून सुटली की सहा-सात मिनिटांत मुकुंदवाडीवरून जाते. इथं थांबत नाही, इथं फक्त पॅसेंजर थांबते. त्या दिवशी मला सुट्टी आहे. मी फलाटावर असणार, हे लपवून काय करू? लपवायचं खूप झालं. पण तात्यासाहेब शेजारी असतील, आणि तुझ्या डोक्यात नांदेड असेल, तेच असू दे.

म्हणून मुकुंदवाडीचा फलाट गाडीच्या कुठल्या हाताला येतो, ते सांगत नाही.

भारत